मागच्या डाव्या चाकाची ठकठक

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी माझा डबा उचलून ऑफिसात जाऊन बसते. चिडच येते मला... चांगली शिकलेली माणसं, आणि कोणाच्या विहिरीवर काय दिसलं यावर अख्खी मधली सुट्टी घालवतात! या सदरातले अनुभवही मी वाचायचे, पण खरं सांगू का, हसायला म्हणून वाचायचे. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे, तर तुम्ही खुशाल हसा. मी वाईट वाटून घेणार नाही.

आम्ही अमडापूरचे. मी चिखलीला एका शाळेत क्लार्क आहे. आमचे हे नाशिकला कंपनीत, दोन-तीन महिन्यांतून एकदा घरी येतात. मुलगी अमरावतीला शिकते. म्हणजे घरात मी आणि सासरे, दोघंच. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. बाबांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, त्यामुळे आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला डायलिसिस. ने-आण मीच करायची, आमच्या जुन्या, डिकीवाल्या पांढऱ्या गाडीतून.

गाडी जुनी, त्यात मागचे शॉकअप पार गेलेले. मधला सिमेंटचा रस्ता चांगला आहे, पण गावातून निघताना आणि पुढे तुकड्या-तुकड्यानं काम चाललंय तिथे असे दणके बसायचे की बाबा डोळे मिटून घ्यायचे. "सूनबाई, त्या मशिनीचं मले काही नाही वाटत. तुह्या गाडीचंच भेव वाटते," असं म्हणायचे. आधी मी हसण्यावारी नेलं. मग एक दिवस ते चक्क पलंगावर पाय ताणून बसले. "मी नाही येत आता. मेलो त मेलो. हाडं मोडून घेऊन मरन्यापेक्षा घरी मरतो."

डायलिसिस चुकवणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. त्याच दिवशी ऑनलाइन मागचे शॉकअप आणि स्प्रिंगा मागवल्या. कंपनीच्या नाहीत, बाहेरच्या. पण लोकांनी चांगलं लिहिलं होतं. यांनी फोनवर नेहमीप्रमाणे अक्कल शिकवली — "ओरिजिनलच टाकायचे ना." मी म्हटलं, या आणि टाका.

चिखलीला मेहकर फाट्यावर प्रल्हादभाऊंचं गॅरेज आहे, तिथे बसवून घेतले. प्रल्हादभाऊ म्हणजे पोट पुढे, तोंडात खर्रा आणि आयुष्यात एकदाही "माझं चुकलं" न म्हटलेला माणूस. त्यांनी आधीच हात झटकले. "ऑनलाइनचा माल हाये मॅडम. बसवून देतो, गॅरंटी घेत नाही."

पहिल्या दोन फेऱ्या अशा झाल्या की काय सांगू! बाबा मागच्या सीटवर झोपून गेले. उतरताना म्हणाले, "पाळन्यात बसल्यावानी वाटलं वं." मला इतकं बरं वाटलं, घरी आल्यावर शिरा केला.

तिसऱ्या फेरीला आवाज सुरू झाला. मागून, डाव्या चाकाकडून. ठक... ठक. आणि गंमत अशी की खड्ड्यात आवाज नाही! खड्ड्यातून, स्पीडब्रेकरवरून गाडी लोण्यासारखी जायची, आणि सिमेंटच्या गुळगुळीत रस्त्याला लागली की सुरू... ठक, ठक, मध्ये थोडं थांबून पुन्हा ठक ठक.

प्रल्हादभाऊ म्हणाले, असं होत नाही. खड्ड्यातच वाजते. मी म्हटलं, भाऊ, वाजणारी गोष्ट तुम्हाला विचारून वाजत नाही. मग त्यांनी शॉकअपचा वरचा नट आवळला. स्प्रिंगखालचं रबर बदललं. सांध्यांतले रबरी बुश बदलले, आणि गाडी जॅकवरून खाली उतरवून, चाकावर वजन आल्यावर पुन्हा आवळले... तसंच आवळायचं असतं म्हणे. सायलेन्सर हलवून पाहिला. डिकीतली स्टेपनी, जॅक, पाना, सगळं बाहेर काढून ठेवलं. ते स्वतः चालवायचे तेव्हाही आवाज यायचाच, पण उतरून बघावं तर चाकाजवळ सगळं घट्ट. मग ते माझ्याकडे असे बघायचे, जसं काही मीच बसून ठोकते आहे!

इथपर्यंत हा गाडीचा विषय होता, आणि तसाच राहिला असता तर मी काही लिहायला बसले नसते.

एका दुपारी डायलिसिस करून परत येत होतो. बाबा थकून मागे डुलक्या घेत होते. चिखली सोडली, सिमेंटचा रस्ता लागला, ठकठक सुरू झाली. आणि मागून बाबांचा आवाज आला, अर्धवट झोपेतला.

"आलो, आलो..."

दारावर थाप पडली की आपण घरातून ओरडतो ना, अगदी तसं. मी आरशात पाहिलं तर बाबांचा हात दाराच्या कडीवर! गाडी चांगल्या वेगात, आणि दार उघडलं होतं. मी ब्रेक कसा मारला आणि मागचा ट्रक कसा चुकला, मला आठवत नाही. उतरून दार लावलं, आणि रस्त्यातच बाबांवर ओरडले. सासऱ्यांवर, आयुष्यात पहिल्यांदा. ते बावरून बघत राहिले. "कोनी तरी दार ठोकून राह्यलं होतं ना," म्हणाले. "मले वाटलं घरीच हाओ."

दुसऱ्या दिवशी शाळेतून हाफ-डे टाकला आणि गाडी गॅरेजवर लावली. म्हटलं, आज आवाज सापडल्याशिवाय मी इथून हलत नाही.

"सापडते," प्रल्हादभाऊ म्हणाले. "पन त्याले एकच इलाज. डिकीत कोनी तरी झोपलं पाह्यजे. मी गाडी चालवतो, आतला मानूस कान लावून सांगते कुठून येते थे." ही पद्धत खरीच असते, मी नंतर चौकशी केली. पण गॅरेजवर त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतं, आणि प्रल्हादभाऊंचं पोट त्या डिकीत मावलं असतं तरी डिकीचं झाकण लागलं नसतं. मी म्हटलं, मी झोपते.

"तुमी? काऊन मजाक करता मॅडम!"

"चालवता, की दुसऱ्याकडे जाऊ?"

पर्स पुढे ठेवली, पदर खोचला आणि शिरले आत. झाकण लागलं. डिकी फक्त किल्लीनं उघडते, आतून काही सोय नाही. गुडघे पोटाशी, डावा कान खालच्या पत्र्याला. रबराचा आणि पेट्रोलचा वास. ऊन तर असं होतं की वरच्या पत्र्याला हात लावला तर चटका.

गाडी निघाली. खड्ड्यातून गेली, आवाज नाही. सिमेंटच्या रस्त्याला लागली, तरी आवाज नाही! बराच वेळ गेला. मग गाडी थांबली, इंजिन बंद झालं, पुढचं दार वाजलं, आणि प्रल्हादभाऊंचा आवाज लांब लांब गेला... कोणाशी तरी फोनवर. नंतर कळलं, खर्रा संपला म्हणून टपरीवर उतरले होते आणि तिथे कोणी ओळखीचं भेटलं. मी आत आहे हे विसरले म्हणाले. विसरले! मी ओरडले, लाथा मारल्या. घामानं डोळ्यात जळजळ होत होती, श्वास पुरत नव्हता. आयुष्यात मला इतकं कोंडल्यासारखं कधीच झालं नव्हतं.

आणि उभ्या, बंद गाडीत... ठक, ठक.

माझ्या कानाखालीच. पत्र्याच्या पलीकडून. आधी वाटलं प्रल्हादभाऊच मस्करी करतायत. "उघडा ना!" म्हणून ओरडले. बाहेर कोणाची चाहूल नाही. थोड्या वेळानं पुन्हा ठक, ठक. घाई नाही, राग नाही. शहाणा माणूस दारात उभा राहून सभ्यपणे थाप मारतो ना, तशी. नट ढिला असला तर तो असा थांबून वाट बघत नाही हो. हे माझ्या अंगाला आधी कळलं, डोक्याला नंतर. आणि मला बाबांचा तो कडीवरचा हात आठवला.

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त राग आला. म्हटलं, या म्हाताऱ्या माणसाला कोण दारातून बोलावून नेतंय?

"ते घरी नाहीत," मी जोरात म्हटलं.

थाप थांबली. पण गेलं कोणीच नव्हतं. दारात पाहुणा घुटमळत उभा असतो ते बघितल्याशिवायही कळतं, तसं मला कळत होतं. आणि मग इतक्या वर्षांचं वळण! जिभेवर जे नेहमीचं होतं ते आपोआप बाहेर आलं...

"बसा ना. येतीलच एवढ्यात."

स्प्रिंग करकरली. गाडीची मागची डावी बाजू हळूच खाली गेली आणि मी त्या बाजूला घसरले. कोणीतरी मागच्या सीटवर, डावीकडे, निवांत टेकल्यासारखं.

प्रल्हादभाऊंनी झाकण उघडलं तेव्हा मी रडत होते. ते बिचारे कान पकडून माफी मागत होते, आणि मी त्यांना म्हणत होते, गाडी बघा, गाडी बघा. डावी बाजू दोन बोटं खाली बसली होती.

"स्प्रिंग बसली," ते म्हणाले. "म्हटलं होतं ना, ऑनलाइनचा माल!" गॅरेजवर नेऊन त्यांनी डावी स्प्रिंग उजवीकडे आणि उजवी डावीकडे टाकली. दोष स्प्रिंगचा असेल तर आता उजवी बाजू बसायला हवी. बसली डावीच. शॉकअप अदलाबदल केले. डावीच. चाक काढून जॅकवर घेतली की सगळं सारखं, खाली सोडली की डावी बाजू दोन बोटं खाली. ठकठक मात्र त्या दिवसापासून बंद झाली ती कायमची.

आता माझी अवस्था बघा. हे कोणाला सांगू? मीच मला मूर्ख म्हणत होते, आणि तरी घरी आल्यावर गाडी अंगणात टिनाच्या शेडखाली लावून तिच्यावर ताडपत्री टाकली. बाबांना सांगितलं, गाडी बिघडली आहे. त्यांना पुढच्या दारानं बाहेरच पडू देईना. ओट्यावर हवा खायला बसायची त्यांची सवय, तीही बंद केली. गाडी समोरच ना! दारावर कोणी थाप मारली आणि आतून बाबा "आलो" म्हणायच्या आत मी पळत जायचे. मी तर सांगून ठेवलं होतं की बाबा घरी नाहीत. मग त्यांचा आवाज कसा ऐकू जाऊ देणार?

गाडी विकून टाकावी म्हटलं. गावातलाच एक जण बघायला आला, मागं वाकून म्हणाला, ही तर बसकी आहे, आणि निघून गेला. मला सुटल्यासारखं वाटलं. कारण विकली तर आत जे कोणी आहे ते उठून कुठे जाईल, याचा मला भरवसा नव्हता. जोवर ते गाडीत बसलंय तोवर बाबा आहेत, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"घरातल्या घरात कोंडलं मले हिनं," बाबा शेजारच्यांना खिडकीतून सांगायचे.

डायलिसिसला मागच्या दारानं काढून जीपनं न्यायला लागले. जीपचे दणके तुम्हाला माहीत आहेत. दोनदा आले, मग पुन्हा पलंगावर पाय ताणले. "गाडी काढ, नाही त मी येत नाही." एक डायलिसिस चुकलं. दुसरं चुकलं. पायावर सूज चढली, बोलताना दम लागायला लागला. गाडी काढावी तर त्यांना घेऊन थेट त्याच्याच शेजारी बसवायचं, आणि न काढावी तर माझ्या डोळ्यांदेखत घरातच... मी यांना फोन केला आणि नुसती रडले. हे म्हणाले, "शुक्रवारी संध्याकाळी पोचतो. गाडीचं काय ते मी स्वतः चालवून बघतो."

शुक्रवारी सकाळी बाबांना उठून बसताही येईना. मला सहन झालं नाही. पलंगापाशी बसून सगळं सांगून टाकलं. डिकी, थाप, बसा म्हटलं ते, ताडपत्री. वाटलं, हसतील नाहीतर चिडतील. चिडलेच, पण भलत्याच गोष्टीवर.

"बसा म्हनलं आन् इतके दिवस पानी नाही इचारलं? काय वं तुह्या घरची रीत!"

मला त्या परिस्थितीतही हसू आलं. तेही हसले, खोकले. मग म्हणाले, "काय म्हनलं तू त्याले? जसंच्या तसं सांग."

"ते घरी नाहीत म्हटलं. बसा, येतीलच एवढ्यात."

बाबांचं हसू गेलं.

"'ते' म्हनलं?"

"हो."

"माय वं... पोरी, लग्न झालेल्या बाईनं दारात 'ते घरी नाहीत' म्हनलं, त ऐकनारा काय समजते?"

मला समजायला वेळ लागला.  लग्न झाल्यापासून मी यांचं नाव कधी घेतलं नाही. बँकेत, दुकानात, दारात आलेल्या कोणालाही, 'ते घरी नाहीत' म्हणजे हे घरी नाहीत! बाबांना तर मी बाबाच म्हणते. अमडापुरात कोणालाही विचारा, हाच अर्थ सांगतील. त्या बंद डिकीत, भीतीच्या भरात, मी बाबांना वाचवायला म्हणून यांच्या वाटेवर त्याला बसवून ठेवलं होतं. आणि हे संध्याकाळी येऊन ती गाडी चालवणार होते.

बाबा भिंतीला धरून उठले. कुठून बळ आलं त्यांना, देव जाणे. म्हणाले, "काढ गाडी. बुलढान्याले जाऊ."

"बाबा, नको..."

"काढ म्हनलं ना."

किडनीच्या पेशंटला पाणी मोजून द्यावं लागतं. बाबा त्यांच्या वाट्याच्या पाण्याचा पेला घेऊन अंगणात आले. मी ताडपत्री काढली. ते उजव्या बाजूनं मागच्या सीटवर बसले आणि पेला डावीकडच्या रिकाम्या सीटवर, हातानं धरून, टेकवून ठेवला. मी गाडी सुरू केली. मी आरशात बघत होते. मागे बाबा एकटेच.

चिखलीपर्यंत ते हळू आवाजात बोलत होते. माझ्याशी नाही. मध्येच "हाव... हाव" म्हणायचे, कोणी काही विचारल्यासारखं. चिखलीत गर्दी आणि हॉर्न, तिथलं मला काही ऐकू आलं नाही. केळवदच्या पुढे रस्ता मोकळा झाला तेव्हा नीट ऐकू आलं.

"घरचा मोठा मी हाओ. मले इचार ना. सुनेचं चुकलं, लेकरू हाये थे."

 आणि बुलढाणा जवळ आल्यावर...

"पोरगं संध्याकाळी येऊन राह्यलं. त्याच्या आंधी निघू आपन."

मी गाडी कडेला घेतली आणि मागे वळले. "बाबा, काय बोलताय!" त्यांनी हातानंच पुढे चल म्हणून खूण केली. चेहरा शांत होता. पेला रिकामा होता, पण सांडला असेल. सीट ओली होती का ते मी तेव्हा बघितलं नाही.

दवाखान्यात व्हीलचेअर आली. आत नेताना बाबा मला म्हणाले, "चहा घे जाय. सकाळपासून काही खाल्लं नाही तू." बस, एवढंच. मी समोरच्या टपरीवर चहा घेतला. कप हातात होता, नजर गाडीवर. दुपारचं स्वच्छ ऊन. आणि माझ्या डोळ्यांसमोर गाडीची डावी बाजू उठली. कोणी सोफ्यावरून उठल्यावर गादी वर येते ना, तशी सावकाश. मी कप टाकून धावले. वर पोचले तेव्हा सिस्टर पडदा ओढत होत्या.

डॉक्टर म्हणाले, दोन डायलिसिस चुकली होती, हृदयावर ताण होता, मशीन चालू असताना बीपी पडलं. होतं असं. प्रल्हादभाऊंनी नंतर गाडी तपासली, दोन्ही बाजू बोटानं मोजून दाखवल्या, सारख्या! "म्या म्हटलंच होतं, नवी स्प्रिंग हाये, सेट व्हाले वेळ लागते." असं ते कधीच म्हणाले नव्हते. पण असेलही तसं. डॉक्टरांचं पटतं मला, प्रल्हादभाऊंचंही पटतं. बाबा आजारानं बरळत होते हेही पटतं. एकेक वेगळं घेतलं तर सगळंच पटतं... एकत्र ठेवलं की मला आजही काही कळत नाही. तुमच्यापैकी कोणी गाडीचं जाणकार असेल तर सांगा, बंद उभ्या गाडीची स्प्रिंग अशी उठते का?

यांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. हे त्या संध्याकाळी आले ते थेट बाबांना खांदा द्यायलाच. आता गाडी हेच वापरतात. चांगली चालते म्हणतात, उगाच घाबरलीस तू. आणि अधूनमधून, जेवताना, मान खाली घालून विचारतात, बाबा शेवटी काय बोलले गं गाडीत?

मी सांगते, तुमचाच विषय काढत होते. पोरगं संध्याकाळी येणार आहे म्हणत होते.